मुखडा परत येत नाही

संगीतातलं ज्याला काहीच कळत नाही तो मुकाट्यानं ऐकतो. ज्याला सगळं कळतं तोही मुकाट्यानंच ऐकतो. धोका असतो तो मधल्या माणसाचा. त्याला कळतं थोडं आणि सांगायचं असतं फार. १९७६ साली मी असा मधला माणूस होतो.

बँकेत चिकटून दोन वर्षं झाली होती. पगारवाढीची थकबाकी एकरकमी हातात आली आणि मी मुंबईहून एक रेकॉर्ड प्लेअर आणि एक तबकडी घेतली. एकच, कारण दुसरीपुरते पैसे उरले नाहीत. काळ्या घोड्याजवळच्या दुकानात मी "पाश्चात्त्य संगीतातलं काहीतरी भारदस्त द्या" असं म्हटल्यावर दुकानदारानं एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या चपलांकडे पाहिलं आणि चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्टो काढून दिला. वाजवणारा स्व्यातोस्लाव रिख्टर, वाद्यवृंद व्हिएन्नाचा, संचालक हर्बर्ट फॉन कारायान, ध्वनिमुद्रण १९६२ चं. एवढी नावं पाठ करायला मला डेक्कन क्वीनचा सबंध प्रवास पुरला नाही. कर्जतला मी रिख्टरपर्यंत आलो होतो.

कॉन्चेर्टो म्हणजे काय, तर एकट्या वधूपित्यानं अख्ख्या वरपक्षाशी बोलणी करावीत तसा प्रकार. एका बाजूला साठ-सत्तर वादकांचा ताफा, दुसऱ्या बाजूला एकटा पियानोवाला. कधी तो विनवतो, कधी ते डाफरतात, आणि शेवटी सगळे मिळून जेवायला बसतात.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात खालच्या खोलीत नाना राहत. पोस्टातून निवृत्त झालेले. पेटी वाजवत. कीर्तनकार, नाट्यगीतं म्हणणाऱ्या मामी, गणपतीतले हौशी गवई, ज्याला साथ हवी त्याच्याबरोबर नाना. तबकडीच्या पहिल्या श्रवणाला मी त्यांना मुद्दाम बोलावलं. ऐकवायला नव्हे हो, दिपवायला.

सुरुवातीला हॉर्नची गर्जना होते, आणि मग पियानो खालपासून वरपर्यंत भलेथोरले स्वरमेळ हाणत सुटतो. नानांनी डोळे मोठे केले.

"अरे, हा त्या पेटीवर एवढा चिडलाय कशाला?"

"नाना, याला भव्यता म्हणतात."

"असेल बाबा. पण गाणं तर तिकडं व्हायोलिनं म्हणतायत. म्हणजे हा आत्ता साथीला आहे. साथीदारानं असं आपटायचं नसतं."

मी हसलो. हे हसणं लक्षात ठेवा, पुढं त्याचा हिशेब द्यायचा आहे.

चाल मात्र नानांना आवडली. "मुखडा झकास आहे," म्हणाले आणि मांडीवर बोटं धरून बसले. ती चाल एकदा येते, दुसऱ्यांदा येते आणि तीन-चार मिनिटांत जाते. नाना थांबले. "येईल आता." तबकडी उलटली. दुसऱ्या भागाच्या आरंभी बासरी वाजली तेव्हा त्यांनी "वा!" म्हटलं, पण लक्ष मुखड्याकडे. तिसरा भाग धावत-पळत संपला. नाना तसेच बसून.

"मुखडा परत आला नाही रे."

"त्यांच्यात तसं नसतं," मी ठोकून दिलं. खरं म्हणजे त्यांच्यातही सुरुवातीची चाल सहसा फिरून येते, आणि ही का येत नाही याबद्दल तिकडच्या पंडितांनीही डोकं खाजवलेलं आहे. पण हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

उठता उठता नाना म्हणाले, "शिवाय सगळं कागदावर लिहिलेलं. शंभर जणांनी वाजवलं तरी शंभरदा तेच. बंदिश एक आणि घराणी सतरा, ही गंमत त्यांच्यात नाही."

यावर मी जे बोललो ते आज लिहितानाही अवघड वाटतं. "नाना, हे तुमच्या पेटीचं काम नव्हे," मी म्हणालो. नाना काही बोलले नाहीत. जिना उतरताना त्यांनी दिवा लावला नाही एवढंच.

त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी या कॉन्चेर्टोच्या मागे लागलो, आणि पहिल्याच फेरीत मला माझाच एक थोरला भाऊ भेटला. त्याचं नाव निकोलाय रुबिनस्टाइन. मॉस्कोच्या संगीतशाळेचा प्रमुख, नामांकित पियानोवादक. १८७४ च्या नाताळाच्या आदल्या संध्याकाळी चायकोव्हस्की नवी रचना घेऊन त्याच्याकडे गेला. तो स्वतः काही पट्टीचा पियानोवादक नव्हता, म्हणून वाजवण्याच्या दृष्टीनं कुठं अडतंय का, एवढंच त्याला विचारायचं होतं. पहिला भाग वाजवून झाला. समोरून शब्द नाही. बिचाऱ्यानं शेवटपर्यंत वाजवलं. मग रुबिनस्टाइनचं तोंड सुटलं. रचना कुचकामी, वाजवता न येण्याजोगी, काही जागा दुसऱ्यांच्या ढापलेल्या. दोन-तीन पानं ठेवावीत, बाकीची फेकावीत. चायकोव्हस्कीनं हा प्रसंग तीन वर्षांनी आपल्या आश्रयदात्या बाईंना, नादेझ्दा फॉन मेक यांना, पत्रातून कळवला. तोवर जखम सुकली नव्हती. आपण एक स्वरही बदलणार नाही, असं त्यानं रुबिनस्टाइनला तिथंच सुनावलं होतं.

रचना त्यानं जर्मन वादक हान्स फॉन ब्यूलोला अर्पण केली. ब्यूलोनं ती अमेरिकेला नेली. २५ ऑक्टोबर १८७५ ला बोस्टनमध्ये पहिला प्रयोग झाला. तालमी बेताच्याच झालेल्या. ऐन रंगात ट्रॉम्बोनवाले चुकले, तेव्हा ब्यूलोनं वाजवता वाजवता, लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांना नरकाचा रस्ता दाखवला, अशी आठवण तिथं हजर असलेल्या एका संगीतकारानं लिहून ठेवली आहे. आपल्याकडे तबलजीला डोळे वटारतात. पद्धत वेगळी, भावना तीच. लोकांना मात्र रचना इतकी भावली की शेवटचा भाग पुन्हा वाजवावा लागला.

आणि रुबिनस्टाइन? त्याच वर्षअखेर मॉस्कोतल्या प्रयोगाचं संचालन त्यानंच केलं. १८७८ मध्ये तर तो स्वतः पियानोवर बसला आणि तीच 'न वाजवता येणारी' रचना मॉस्कोत आणि पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात वाजवून आला. निकाल देणारा माणूस साडेतीन वर्षांत आपल्या दहा बोटांनी निकाल फिरवतो, ही मला सबंध कहाणीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. पण हे वाटायला मला वेळ लागला.

आता घराण्यांकडे वळतो. व्लादिमिर होरोविट्झ हे आक्रमक घराणं. १२ जानेवारी १९२८ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यानं हाच कॉन्चेर्टो वाजवला. संचालक थॉमस बीचम. दोघांचंही अमेरिकेतलं पहिलंच दर्शन. बीचमची लय ठाय. होरोविट्झनं दोन भाग दात-ओठ खात सोसले आणि तिसऱ्यात दोर तोडून पळाला. वाद्यवृंद मागून धापा टाकत आला. पुढं १९४३ च्या २५ एप्रिलला, युद्धाच्या ऐन धुमाळीत, त्यानं तो पुन्हा तिथंच वाजवला. या खेपेला संचालक तोस्कानिनी, म्हणजे त्याचे सख्खे सासरे. सासऱ्यापुढं पळून जायची सोय नव्हती, शिवाय सासरेच जावयाच्या पुढं धावणारे! युद्धरोख्यांसाठी झालेल्या त्या मैफलीनं १ कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी केली. ध्वनिमुद्रण ऐकताना वाटतं, कुठंतरी आग लागलीय आणि दोघंही बंब घेऊन निघालेत.

व्हॅन क्लायबर्न अगदी उलट. टेक्सासात वाढलेला, ताडमाड उंच, वय वर्षं २३. १९५८ च्या एप्रिलमध्ये मॉस्कोला पहिली चायकोव्हस्की स्पर्धा भरली. आदल्याच वर्षी रशियानं स्पुटनिक सोडला होता, आणि आता संगीतातही आपलाच माणूस वर जाणार अशी तिथं खात्री होती. या पोरानं सगळ्या मॉस्कोला रडवलं. परीक्षक मंडळाचा अध्यक्ष एमिल गिलेल्स. अमेरिकनाला पहिलं बक्षीस द्यायचं कसं? प्रश्न ख्रुश्चेव्हपर्यंत गेला. तो सर्वांत चांगला वाजवतो का, मग द्या त्याला, असं त्यांनी सांगितलं म्हणतात. न्यूयॉर्कनं त्या पोराची कागदाच्या फितींची बरसात करत मिरवणूक काढली. त्याच्या तबकडीच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. ती ऐकली की यश कळतं. तो स्वर मारत नाही, लांबवतो. शेतावर संध्याकाळी कुणी मोठ्या गळ्यानं गावं तसं.

त्याच्या साथीला संचालक होता किरिल कोन्द्राशिन. हाच कोन्द्राशिन फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला मार्था आर्गेरिचच्या साथीला उभा आहे. तबलजी तोच, पण गाणारी बदलली. क्लायबर्न पायी निघाला होता. ही अर्जेंटिनाची बाई घोड्यावर बसून आली आहे. कोन्द्राशिन दोघांच्याही बरोबर, एक पाऊल मागं नाही की पुढं नाही. नाना ज्याला साथ म्हणत ती ही.

रिख्टर आणि कारायान म्हणजे दोन मल्ल. दोघंही मोठे, दोघंही हटत नाहीत; घाम कुणाचा हे कळत नाही. त्याच कारायानबरोबर ३१ डिसेंबर १९८८ ला बर्लिनमध्ये सतरा वर्षांचा येवगेनी किसिन वाजवतो तेव्हा म्हातारा लय इतकी संथ धरतो की पोराला प्रत्येक स्वराचा हिशेब द्यावा लागतो. आणि गिलेल्सचं १९७९ चं न्यूयॉर्कमधलं वादन ऐकलं तर संचालक आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. पोलादी हातांचा हा माणूस हळू वाजवताना किती मऊ होतो ते तिथं ऐकावं.

कागद एकच आणि घराणी इतकी! यातली क्लायबर्नची तबकडी तेवढी मी नानांना ऐकवू शकलो. तीन-चार महिन्यांनी ते आपण होऊन वर आले, काही झालंच नाही असे. ऐकून म्हणाले, "हा वेगळा आहे. माझं चुकलं बरं का. कागद एक असला तरी माणूस वेगळा निघतो." त्यांनी आपला निकाल फिरवायला चाळीस मिनिटं घेतली. माझा फिरवायची तीच वेळ होती. मी चहा टाकायला उठलो. नाना १९८५ मध्ये गेले.

आणि मग २०१५ साल उजाडलं. क्लिन गावी चायकोव्हस्कीचं घर आहे, तिथल्या संग्रहालयाच्या कागदांवरून या कॉन्चेर्टोची नवी चिकित्सक आवृत्ती तयार झाली आणि किरिल गर्स्टाइन या वादकानं ती वाजवली. त्यातून पुढं आलं ते असं. 'एक स्वर बदलणार नाही' म्हणणाऱ्यानं बदल केले होतेच. एडवर्ड डॅनरॉयटर या लंडनच्या वादकाच्या सूचना घेऊन त्यानं १८७९ मध्ये पियानोचा भाग सुधारला. पण ते सुरुवातीचे घणाघाती स्वरमेळ या आवृत्तीत नाहीतच! तिथं पियानोचे स्वर वीणेवरून बोट फिरवल्यासारखे खालून वर उलगडत जातात, जोरही कमी, आणि त्यांच्या मधून व्हायोलिनांची चाल स्वच्छ ऐकू येते. आपल्या शेवटच्या मैफलीत, १८९३ मध्ये, मृत्यूच्या नऊ दिवस आधी, चायकोव्हस्कीनं हीच आवृत्ती समोर ठेवून संचालन केलं, असं संशोधकांचं म्हणणं आहे. ते आपटणं नंतरच्या आवृत्तीतलं, आणि त्यात त्याचा शिष्य अलेक्सांद्र झिलोटी याचा हात असावा, असा त्यांचा कयास.

म्हणजे होरोविट्झ, रिख्टर, आर्गेरिच, सगळे थोर, पण सगळे ज्या दारातून आत शिरले ते दार मूळ घराचं नव्हतं. आणि सदाशिव पेठेतल्या एका पेटीवाल्याला, एकदाच ऐकून, मांडीवर बोटं धरल्या धरल्या कळलं होतं की साथीदारानं असं आपटायचं नसतं.

रुबिनस्टाइन भाग्यवान. त्यानं निकाल फिरवला तेव्हा ऐकायला चायकोव्हस्की होता. मला एकोणचाळीस वर्षं लागली. वाड्याच्या जागी आता सात मजली इमारत आहे. तिथं चौथ्या मजल्यावर बसून मी गर्स्टाइनचं वादन लावलं. बायको म्हणाली, "आवाज वाढवा की, काही ऐकू येत नाही." म्हटलं, "नको. हे हळूच आहे."

मुखडा मात्र या आवृत्तीतही परत येत नाही. मी शेवटपर्यंत थांबून पाहिलं.