ग्रॅफाइटचा मऊपणा : एका स्पष्टीकरणाचा इतिहास

घन पदार्थांचे भौतिक गुणधर्म रेणूंमधील परस्पर आकर्षणावर कसे अवलंबून असतात, हे सांगताना क्रमिक पुस्तके हिरा व ग्रॅफाइट ही जोडी हमखास पुढे करतात. दोहोंत केवळ कार्बन. एक अत्यंत कठीण, दुसरा कागदावर उमटण्याइतका मऊ. या मऊपणाचे रूढ स्पष्टीकरण कसे घडले आणि कोठे अपुरे पडले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हिऱ्याची रचना उलगडली. त्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी बांधलेला आढळला. ग्रॅफाइटमधील सपाट थरांचे चित्र जे. डी. बर्नाल यांनी १९२४ मध्ये स्पष्ट केले. थरातील लगतच्या अणूंमध्ये ०.१४२, तर दोन थरांमध्ये ०.३३५ नॅनोमीटर अंतर असते. एवढ्या अंतरावर सहसंयुज बंध संभवत नाही. प्रत्येक थर हा एक विराट रेणूच मानला, तर थरांना एकत्र ठेवणारे बल व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ च्या प्रबंधात वायू व द्रव यांच्या संदर्भात गृहीत धरलेल्या आकर्षणाच्या जातीचे ठरते. १९३० मध्ये फ्रिट्झ लंडन यांनी त्याची पुंजयामिकीय उपपत्ती दिली. बल दुर्बल, म्हणून थर घसरतात, म्हणून ग्रॅफाइट उत्तम वंगण. ही तर्कमालिका इतकी सुबक होती की ती तपासण्याची निकड फारशी भासली नसावी.

ती निकड दुसऱ्या महायुद्धातील विमानांनी निर्माण केली. अतिउंचीवर त्यांच्या जनित्रांतील कार्बनचे ब्रश झपाट्याने झिजून त्यांची भुकटी होऊ लागली. ग्रॅफाइट तेच, थर तेच, बलही तेच. उणीव होती ती हवेतील बाष्पाची. आर. एच. सॅव्हेज यांनी १९४८ मध्ये दाखवले की, निर्वातात ग्रॅफाइटचे घर्षण व झीज दोन्ही वाढतात आणि अल्पशी पाण्याची वाफ मिळताच ते पुन्हा वंगणाचे काम करू लागते. थरांच्या कडांवरील अतृप्त बंध बाष्पाच्या रेणूंमुळे निष्क्रिय होतात, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते.

थरांमधील बल दुर्बल नाही, असा याचा अर्थ नव्हे. २००४ मध्ये मँचेस्टर येथे गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने थर सोलून ग्राफीन वेगळे केले, ते या दुर्बलतेमुळेच. परंतु थर सोलला जाणे आणि दोन पृष्ठभाग एकमेकांवरून घसरणे या भिन्न घटना आहेत. पाठ्यपुस्तके त्या एकाच वाक्यात गुंडाळतात. अंतराळयानांत, जेथे बाष्प नाही, तेथे ग्रॅफाइटऐवजी मोलिब्डेनम डायसल्फाइड वापरतात. आणि त्याचीही रचना थरांचीच आहे.