पटावरच्या तीन बहिणी

परवा आमच्या चिरंजीवांनी नातीच्या हातातला मोबाईल काढून घेतला. ती बुद्धिबळ खेळत होती, समोर कुठल्या तरी परदेशातलं अनोळखी पोरगं. "परीक्षा तोंडावर आलीय आणि हिचे खेळ चाललेत!" हे वाक्य कानावर पडलं आणि मी एकदम पन्नास वर्षं मागे गेले. कारण वाक्य मूळचं माझंच.

१९७६ साल असावं. मला शाळेत लागून दोन-तीनच वर्षं झाली होती. सातवीतली एक मुलगी वहीच्या मागच्या पानावर चौसष्ट घरं आखून चिंचोके आणि बटणं घेऊन खेळायची. मी ते पान टराटरा फाडलं, वर तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. त्यांनीही माझीच री ओढली. मुलगी पास होत गेली, पण तिच्याजवळ चिंचोके पुन्हा कधी दिसले नाहीत.

आता गंमत बघा. अगदी त्याच काळात मुंबईत एका घरात काय चाललं होतं? 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर, म्हणजे नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे नातू. त्यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ साली बंगळूरला महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. पुढच्याच वर्षी जयश्री विजेती. त्यानंतर रोहिणी. या स्पर्धेच्या पहिल्या दशकावर या तिघींचंच राज्य होतं. घरातल्या घरातच प्रतिस्पर्धी! आज एकमेकींविरुद्ध डाव, आणि रात्री एकाच पंगतीत जेवण. वडील पाठीशी उभे, म्हणूनच हे जमलं असणार.

१९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि तिने तीन राज्यविजेत्यांना हरवलं. मग काय, गदारोळच झाला. मुलीने पुरुषांत खेळावंच कसं? प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही.

हे युवे कोण माहितेय? हॉलंडचे. १९३५ ते १९३७ जगज्जेते होते. पण पोटापाण्याचा व्यवसाय मास्तरकीचा! ॲमस्टरडॅमला मुलींच्या शाळेत ते गणित शिकवत. हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ गप्पच बसले. एक शिक्षक मुलींसाठी दार उघडत होता, आणि त्याच सुमारास एक शिक्षिका एका मुलीच्या वहीचं पान फाडत होती.

पुढे १९७९ मध्ये जयश्री महिला इंटरनॅशनल मास्टर झाली, हा किताब मिळवणारी पहिली भारतीय. १९८१ साली हैदराबादला रोहिणी एकही डाव न हरता, बारापैकी दहा गुण मिळवून आशियाई विजेती झाली. आणि ज्यांना वाटतं की खेळात पडलेली मुलं वाया जातात, त्यांनी ऐकावं. जयश्रीताई पुढे 'नवाकाळ'च्या संपादक झाल्या आणि रोहिणीताई 'संध्याकाळ'च्या.

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमी इथे महिला विश्वचषक जिंकली. वय एकोणीस. डाव संपताच आईच्या गळ्यात पडून रडली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मला त्या मिठीत पन्नास वर्षांपूर्वीचं ते खाडिलकरांचं घर दिसलं. खेळ मुलीचा असतो हो, पण "तू खेळ, आम्ही आहोत" हे घरच्यांनी म्हणावं लागतं. त्या एका वाक्याने मुलाला स्वतःची किंमत कळते. गुणपत्रिकेतल्या आकड्यांनी ती कळतेच असं नाही. चाळीस वर्षं गुणपत्रिका भरल्यात मी, म्हणून सांगते.

माझी ती सातवीतली मुलगी मोठी खेळाडू झालीच असती असं नाही. पण ते पान फाडण्याचा अधिकार मला नव्हता.

असो. काल रात्री मी माळ्यावरचा जुना पट काढून नातीसमोर बसले. घोडा अडीच घरं चालतो, एवढंच मला ठाऊक. दहा मिनिटांत हरले. चिरंजीव पेपराआडून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "आई, जरा सरक. मी बसतो."