64 जीबीच्या कार्डाची कुळकथा

भिवंडीच्या गोदामांत पूर्वी कापडाच्या गाठी असत. आता त्यांच्या शेजारी मोबाइल आणि मेमरी कार्डांची खोकीही लागतात. 2013 मध्ये 'अ‍ॅमेझॉन'ने भारतात दुकान मांडलं, ते इथल्याच गोदामातून. त्या खोक्यांतलं 64 जीबीचं कार्ड उचला. त्यावरची 'एसडीएक्ससी' ही अक्षरं त्याचं कूळ सांगतात.

मूळ पुरुष 'फॅट' ही फाइली मांडून ठेवायची पद्धत, 1977 ची, मायक्रोसॉफ्टची. पुढच्या 'फॅट32'मध्ये 4 जीबीहून मोठी फाइल मावेना, म्हणून 2006 मध्ये 'एक्सफॅट' आली. 2009 मध्ये एसडी कार्डांच्या संघटनेने 32 जीबीच्या वरच्या 'एसडीएक्ससी' कार्डांसाठी तीच ठरवून टाकली. खरी मेख इथे आहे. मानक सगळ्यांचं, पण त्याच्या पोटात एकाच कंपनीची पेटंटं! त्याच वर्षी फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने रस्ता दाखवणारी यंत्रं बनवणाऱ्या 'टॉमटॉम'वर दावा लावला. त्यात फॅटमधल्या लांब नावांची पेटंटंही होती. पुढच्याच महिन्यात टॉमटॉमने पैसे भरून तडजोड केली.

'लिनक्स' ही मोफत संगणकप्रणाली वाटणाऱ्यांना तोही मार्ग नव्हता. लिनक्सची प्रत कोणीही कोणालाही देऊ शकतो. मग दर प्रतीमागे शुल्क कोण मोजणार आणि कोणाकडून घेणार? एक्सफॅट वाचणारा मोफत प्रोग्रॅम लिहून तयार होता, पण अमेरिकेतल्या 'रेड हॅट'च्या आश्रयाने निघणारी 'फेडोरा' ही लिनक्सची आवृत्ती तो आपल्या संचात घेईना.

आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम 3(के)नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. 2004 च्या अखेरीस अध्यादेशाने ही अट सैल केली होती. 2005 मध्ये संसदेने ती सवलत काढून टाकली. निर्णय शहाणपणाचा, पण कार्ड वापरणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य, कारण सॉफ्टवेअरचा संच बांधला जायचा परक्या कायद्याच्या धाकात.

ही गाठ कुठल्या न्यायालयाने सोडवली नाही. ऑगस्ट 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनेच एक्सफॅटचा तपशील खुला केला आणि लिनक्समध्ये तिच्या समावेशाला पाठिंबा दिला. मे 2020 च्या 5.7 कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, सॅमसंगने लिहिलेला ड्रायव्हर रुजू झाला. मानक ठरवतानाच जे मागून घ्यायला हवं होतं, ते दहा वर्षांनी मर्जीने मिळालं.

तेव्हा जुन्या लिनक्सवर कार्ड उघडलं नाही, तर घाईने फॉरमॅट मारू नका, आतलं सगळं जाईल. आधी कर्नलची आवृत्ती पाहा.