हार्वेच्या पत्नीचा पोपट

पाळलेल्या पक्षिणीने अंडी घालावी, धन्याने दिवस मोजीत राहावे आणि अखेर घरट्यातून दुर्गंधीखेरीज काहीच निघू नये, हे दुःख फार पुरातन आहे. आणि मनुष्यस्वभाव असा की, अशा प्रसंगी अपराधी तो नेहमी घराबाहेर शोधतो. रोमन लोकांनी हा ठपका मेघगर्जनेवर ठेवला. पक्षीण उबवणीस बसली असता आकाश गडगडले तर अंडी मरतात, असे प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नमूद केले, आणि अंड्यांखालच्या गवतात लोखंडी खिळा किंवा नांगराला लागलेली माती ठेवावी, असा तोडगाही सांगितला. आपल्याकडच्या आज्यांना तो मुळीच परका वाटला नसता.

वास्तविक त्याच्यापूर्वी सुमारे चारशे वर्षे ॲरिस्टॉटलने या प्रश्नाला बरीच शिस्त लावून दिली होती. निर्बीज अंडी म्हणजे पूर्वीच्या समागमाचा अवशेष, असे म्हणणाऱ्यांना त्याने उत्तर दिले की, नराशी कधीच संबंध न आलेल्या तरुण कोंबड्याही अशी अंडी घालताना आढळतात. अंडे घालण्यास नर लागत नाही, अंड्यात जीव धरण्यास लागतो, एवढे यातून निष्पन्न होते. परंतु पुस्तकात निष्पन्न झालेले घरात उतरायला शतके लागतात.

याची साक्ष रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वेच्याच घरात मिळते. त्याच्या पत्नीचा एक लाडका पोपट होता. तो तिच्या मांडीवर बसे, डोके व पाठ खाजवून घेई आणि पंख हलवून आनंद व्यक्त करी. तो सुरेख बोलतो व गातो, त्या अर्थी नरच असला पाहिजे, असा निष्कर्ष या शरीरशास्त्रज्ञाने निःशंकपणे काढला होता. पुष्कळ वर्षे निरोगी राहिलेला तो पक्षी एकाएकी आजारी पडला आणि आचके देत मालकिणीच्या मांडीवरच मेला. मृत्यूचे कारण पाहण्यासाठी हार्वेने त्याचे शरीर उघडले, तो अंडाशयनलिकेत जवळजवळ पूर्ण झालेले, पण त्याच्या मते नराच्या अभावी कुजलेले अंडे! प्राणिजननावरील आपल्या १६५१ च्या ग्रंथात त्याने ही हकिकत आडपडदा न ठेवता दिली, याबद्दल त्याचे कौतुक केले पाहिजे.

हार्वे १६१८ साली राजा जेम्सचा वैद्य झाला, आणि त्याच जेम्सचा वकील टॉमस रो तेव्हा जहांगीर बादशहाच्या दरबारी होता. त्याच वर्षी बादशहा लैला व मजनू नावाच्या आपल्या पाळीव सारसांवर नजर ठेवून होता. रात्री मादी अंड्यांवर बसते, नर जवळ उभा राहून पहारा करतो, आणि दिवसा तो तिची सुटका करून स्वतः बसतो, हे त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. ती अंडी फुटली, पिल्ले वाढली. बादशाही चैनीचे मी सहसा समर्थन करीत नाही, पण बीज असूनही अंडे का वाया जाते, याचे अर्धे उत्तर त्या पहाऱ्याच्या पाळ्यांत आहे: ऊब खंडली किंवा अंडी वेळच्या वेळी फिरवली गेली नाहीत, तर आतला जीव टिकत नाही.

हल्ली पक्षी पाळणारे आठवड्याभराने अंडे दिव्यासमोर धरतात. तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर गर्भ धरला आहे. स्वच्छ पिवळा प्रकाश आरपार आला तर बीजच नाही, आणि मग चौकशी अंड्याची नव्हे, जोडीची करावी लागते. पोपटांच्या पुष्कळ जातींत नर-मादी दिसायला सारखेच असल्याने, विक्रेत्याने जोडी म्हणून दिलेल्या दोन्ही माद्याच निघतात, आणि त्या दोघी मिळून अंड्यांचा ढीग मात्र घालतात.