कौटुंबिक हिंसाचार: बैठकीतल्या समजुतीपुढे कायदा काय देतो?

नवऱ्याने मारले तर पोलिसांत जाऊन त्याला आत टाकायचे, नाहीतर मुकाट सोसायचे, असे दोनच रस्ते आपल्याकडच्या बऱ्याच बायांना अजूनही दिसतात. नवरा तुरुंगात गेला तर घर कसे चालणार, सासरचे दार पुन्हा उघडणार का, या धास्तीने पहिला रस्ता नको वाटतो. मग उरते ते सोसणे. 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' हा कायदा नेमका या दोन टोकांच्या मधला रस्ता आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. या कायद्याने बाईला नवऱ्याला तुरुंगात न पाठवता आणि घटस्फोट न मागता घर, पैसा आणि संरक्षण मागता येते. पांढरकवडा आणि केळापूर तालुक्यातल्या वाचकांना तो वापरता यावा, म्हणून ही माहिती एकत्र दिली आहे.

प्रश्न किती मोठा आहे?

२०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या महिलांपैकी २९.३ टक्के महिलांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसली आहे. त्याच सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या महिलांपैकी फक्त १४ टक्के महिलांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. ज्या बोलत नाहीत त्यांचे प्रमाण हे असे आहे. त्यामुळे 'आपल्या वस्तीत असे काही नाही' असे कोणी म्हणाले, तर ते 'आपल्यापर्यंत आले नाही' एवढेच समजावे.

कायदा हिंसा कशाला म्हणतो?

कलम ३ मध्ये हिंसेचे चार प्रकार आहेत. मारहाण आणि शरीराला इजा ही शारीरिक हिंसा. इच्छेविरुद्ध शरीरसंबंध किंवा लैंगिक अपमान ही लैंगिक हिंसा. शिवीगाळ, चारित्र्यावर संशय, मूल होत नाही किंवा मुलगा झाला नाही म्हणून टोमणे ही शाब्दिक व भावनिक हिंसा. चौथी आर्थिक हिंसा आपल्या भागात सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी ओळखली जाणारी आहे. बाई दिवसभर कापूस वेचते आणि संध्याकाळी मजुरी नवरा काढून घेतो. बचतगटाचे कर्ज तिच्या नावावर उचलले जाते आणि पैसे भलतीकडे जातात. तिचे दागिने न विचारता गहाण पडतात. घरात किराणा आणायला पैसे दिले जात नाहीत. हे सगळे कायद्याच्या भाषेत हिंसाच आहे.

दारूचा मुद्दा इथे नेहमी पुढे येतो. दारूबंदीसाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या महिलांनी रस्त्यावर उतरून लढा दिला आहे. उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानाने गावातले दुकान बंद करण्याची तरतूदही महिलांच्या लढ्यांतूनच आली. तो लढा गरजेचा आहे. पण 'पिल्यावर त्याचे भान राहत नाही' हे कारण तपासून पाहावे. तोच माणूस प्यालेला असताना सावकारावर हात उचलत नाही, ठाणेदारावर उचलत नाही. घरी येऊन बायकोवरच उचलतो. म्हणजे कोणाला मारले तर चालते, याचे भान त्याला असते. दारू हिंसा वाढवते, परवानगी मात्र आधीच मिळालेली असते.

बैठक आणि तंटामुक्ती समिती कुठे कमी पडते?

घरातले भांडण बाहेर आले की ते आधी समाजाच्या बैठकीत किंवा गावच्या तंटामुक्त समितीपुढे जाते. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि या समित्यांना वजन आले. बांधाचे, धुऱ्याचे तंटे तिथे मिटतात हे चांगलेच आहे. पण मारहाण हा दोन सारख्या बाजूंचा तंटा नसतो. बैठकीत नवऱ्याला समज दिली जाते, बाईलाही 'तूही जरा सांभाळून घे' असे सांगितले जाते आणि तिला परत धाडले जाते. कागदावर काही राहत नाही. पुन्हा मार बसला की सगळे पहिल्यापासून सुरू होते, आणि आता 'हिचे नेहमीचेच आहे' असे ऐकावे लागते.

कायद्यातही समुपदेशन आहे, पण त्याची रीत वेगळी आहे. २००६ च्या नियमांनुसार समुपदेशकापुढे नवऱ्याला 'तिने असे केले म्हणून मी मारले' असे समर्थन करू दिले जात नाही. पुन्हा हिंसा करणार नाही, अशी हमी त्याच्याकडून घेतली जाते. बैठकीला मध्यस्थी करायचीच असेल तर निदान तारीख, घडलेली घटना आणि नवऱ्याने दिलेली कबुली लिहून, सह्या घेऊन, एक प्रत बाईच्या हातात द्यावी. तो कागद पुढे पुरावा म्हणून मांडता येतो.

सोडचिठ्ठीबद्दलही स्पष्ट असावे. बौद्धांना हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो. त्यामुळे सिद्ध करता येईल अशी रूढी असल्याखेरीज मुद्रांकावर लिहून घेतलेल्या फारकतीने लग्न मोडत नाही. अशा कागदावर बाईचा अंगठा घेऊन तिला हक्कांपासून तोडू नये.

कोण दाद मागू शकते?

फक्त पत्नीच नव्हे, तर आई, बहीण, मुलगी, विधवा सून आणि विवाहासारख्या संबंधात राहणारी स्त्रीही अर्ज करू शकते. कायदा सर्व धर्मांना लागू आहे. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा सहसा लागू होत नाही, पण हा कायदा गोंड, कोलाम, परधान महिलांनाही तितकाच लागू आहे. अर्ज नवऱ्याविरुद्ध करता येतो, तसाच त्याच्या नातेवाइकांविरुद्धही करता येतो. २०१६ च्या हिरल हरसोरा निकालानंतर छळ करणाऱ्या बायकांविरुद्धही दाद मागता येते.

शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या आपल्या जिल्ह्यात विधवांचा हक्क विशेष महत्त्वाचा आहे. नवरा गेला की 'आता तुझे इथे काय' म्हणत सुनेला माहेरी धाडले जाते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात विधवेचा सासरच्या घरात राहण्याचा हक्क मान्य केला. अर्ज करताना ती त्या घरात प्रत्यक्ष राहत असलीच पाहिजे असे नाही, हेही सांगितले. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा प्रकरणात घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी ते सुनेचे सामायिक घर ठरू शकते, असा निकाल आला. 'घर माझ्या नावावर आहे, निघ' हे वाक्य आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

कुठे जायचे?

१. लगेच जिवाला धोका असेल तर ११२ वर फोन करावा. महिला हेल्पलाइन १८१ आहे.

२. मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखाना गाठावा. कौटुंबिक हिंसाचाराच्या पीडितेने वैद्यकीय मदत मागितली तर ती देणे आरोग्य केंद्रावर कायद्याने बंधनकारक आहे. डॉक्टरांना 'पायरीवरून पडले' असे सांगू नये. कोणी, कशाने, कधी मारले ते सांगावे आणि तसे लिहून घ्यायला लावावे. दवाखान्याचा कागद जपून ठेवावा, शक्यतो सासरच्या घराबाहेर.

३. संरक्षण अधिकाऱ्याला भेटावे. हा महिला व बालविकास विभागाचा अधिकारी असतो. तो 'कौटुंबिक घटना अहवाल' भरतो, तो न्यायदंडाधिकाऱ्याकडे देतो आणि निवारा, दवाखाना, वकील मिळवून द्यायला मदत करतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा व तालुका पातळीवर असे अधिकारी नेमण्याचे आदेश राज्यांना दिले आहेत. तालुक्याचा अधिकारी कोण, हे पंचायत समितीत किंवा बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारावे.

४. थेट न्यायालयातही जाता येते. कलम १२ चा अर्ज बाई स्वतः किंवा तिच्या वतीने दुसरी व्यक्ती करू शकते. घटना अहवाल नाही म्हणून अर्ज अडत नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा.

५. राहायला जागा नसेल तर सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता, सहसा पाच दिवसांपर्यंत निवारा मिळतो. हे केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे पांढरकवड्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर असल्याने आधी १८१ वर बोलून मगच निघावे.

आपल्या भागातल्या अनेक मुली तेलंगणात, आदिलाबादकडे दिल्या आहेत. त्यांना खटल्यासाठी तिकडे जावे लागत नाही. कलम २७ नुसार बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. माहेरी पांढरकवड्यात आलेली लेक इथेच अर्ज करू शकते, आणि इथला आदेश देशभर लागू होतो.

न्यायालय काय देऊ शकते?

संरक्षण आदेशाने हिंसा करण्यास, कामाच्या ठिकाणी येऊन त्रास देण्यास मनाई होते. निवास आदेशाने घराबाहेर काढण्यास मनाई होते किंवा वेगळ्या राहण्याची सोय करावी लागते. त्याशिवाय खर्च व पोटगी, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई मिळते. पहिली तारीख सहसा तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वेळ लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी कलम २३ खाली अंतरिम आदेश मागावा. आदेशाची प्रत मोफत मिळते. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

फौजदारी तक्रारीचा हक्क वेगळा राहतोच. पूर्वीचे कलम ४९८-अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार केली की लगेच अटक होतेच असे नाही, हेही दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यावे.

शेजारी, विहार आणि आपण

कलम ४ नुसार हिंसा होत आहे असे वाटले तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीसाठी त्याच्यावर कारवाई होत नाही. 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून दार लावून घेण्याचे कारण कायद्याने उरू दिलेले नाही.

'समाजाची बदनामी होईल' ही भीती आपल्याकडे बाईला गप्प बसवायला वापरली जाते. जुलै १९४२ मध्ये नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की लग्नानंतर पत्नीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची दासी होण्यास नकार द्यावा. सिगालोवाद सुत्तातही पत्नीचा सन्मान करणे आणि तिला तुच्छ न लेखणे ही पतीची कर्तव्ये सांगितली आहेत. बदनामी मारणाऱ्याने केलेली असते, सांगणारीने नव्हे.

विहारात दर आठवड्याला बाया जमतात. तिथल्या फलकावर ११२, १८१, १५१०० हे तीन क्रमांक आणि संरक्षण अधिकाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. महिला मंडळातल्या दोघींनी अर्जाची पद्धत नीट समजून घ्यावी आणि गरज पडली तर बाईसोबत दवाखान्यात, न्यायालयात जावे. तिची कागदपत्रे, आधार कार्ड, बँक पासबुक, मुलांचे दाखले ठेवायला एखादे विश्वासाचे घर असावे. आणि ती पुन्हा सासरी गेली तरी तिला दोष देऊ नये. हिंसक घरातून बाहेर पडणारी बाई अनेकदा दोन-तीन वेळा परत जाते. पुढच्या वेळी ती ज्या दाराशी येईल ते दार तेव्हाही उघडे असले पाहिजे.