वयाची अट आणि हुकलेली पिढी

सैन्यात भरती होण्यास वयाची मर्यादा असते, हे सर्वांस ठाऊक आहे. फार कोवळा मुलगा नको आणि उतारास लागलेला माणूसही नको, एवढाच तिचा अर्थ आपण घेतो, व तो चुकीचाही नाही. परंतु आमच्या समाजाच्या इतिहासात या साध्या अटीने जे केले ते निराळे आहे. तिकडे ज्ञातिबांधवांचे लक्ष वेधावे, असा आमचा हेतू आहे.

मुंबई इलाख्याच्या फौजेतील महार शिपायांची परंपरा जुनी. १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ पाहावा. त्यावर कोरलेल्या नावांपैकी २२ नावे 'नाक' या प्रत्ययाची आहेत. पुढे बापामागे मुलगा पलटणीत जाऊ लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आजोबा मालोजी सैन्यात होते; वडील रामजी सुभेदार झाले व पलटणीच्या शाळेचे मुख्याध्यापकही होते. पलटण म्हणजे नुसता पगार नव्हे. तिच्याबरोबर मुलाबाळांचे शिक्षण येई, म्हातारपणी पेन्शन येई, आणि गावकीच्या जोखडाबाहेर ताठ मानेने उभे राहण्याची जागा मिळे.

१८९२ च्या सुमारास सरकारने लढाऊ आणि बिनलढाऊ जातींचा भेद पुढे केला आणि महारांची भरती थांबविली. ज्यांनी सरकारसाठी रक्त सांडले त्यांच्याच नातवांना लढता येत नाही असे ठरविणारी ही विद्वत्ता कोठली, हे आम्हांस आजही उमगत नाही.

आता वयाचा हिशेब मांडून पाहू. १८९२ साली एखादा मुलगा सतरा वर्षांचा होता असे धरा. लहानपण छावणीत गेलेले, बिगुलाच्या सुरावर उठण्याची सवय जडलेली, बापाची वर्दी डोळ्यांसमोर. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनमधील महारांनी विलायतेतील भारतमंत्र्यांकडे फौज व पोलीस यांत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला, तेव्हा तो ३५ वर्षांचा झालेला होता. महायुद्धात माणसांची निकड पडली आणि १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, तेव्हा तो ४२ वर्षांचा! दार उघडले खरे, पण ज्याच्यासाठी ते ठोठावले होते त्याचे शिपाईगिरीचे वय उलटून गेले होते. बंदीचा हुकूम मागे घेता येतो. वय मागे घेता येत नाही.

ही पलटणही १९२१ साली मोडण्यात आली. पुन्हा तोच फेरा. त्या वर्षी सतरा वर्षांचा असलेला तरुण, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली तेव्हा ३७ वर्षांचा होता. अर्ध्या शतकात दोन पिढ्यांचे हे असे झाले. कोणत्याही कागदावर त्यांना 'नालायक' म्हटले असेल वा नसेल. पण 'वय अधिक' हे कारण पुरेसे होते, आणि त्यात कोणाला अन्याय दिसण्याचेही कारण नव्हते.

या संदर्भात अलीकडची एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. १४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली, तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते २१ वर्षे अशी होती. त्याआधी दोन वर्षे भरती झालेली नव्हती. तरुणांत असंतोष उसळताच दोन दिवसांत, त्या वर्षापुरती, वरची मर्यादा २३ करण्यात आली. ही सवलत न्याय्यच होती. भरती थांबली तो दोष मुलांचा नव्हता. हाच न्याय १९१७ साली लावावयाचा झाला असता तर किती वर्षांची सवलत द्यावी लागली असती? पंचवीस!

ज्या कुटुंबांत आजोबा-पणजोबांची पेन्शनपत्रे, पदके किंवा पलटणीचे दाखले जपलेले असतील, त्यांनी त्यांच्या नकला मंडळाकडे अवश्य पाठवाव्यात. मात्र एक विनंती आहे. घरातील जे कोणी भरतीस जाऊन परत आले, किंवा भरती बंद म्हणून गेलेच नाहीत, त्यांची नावे व जन्मसालेही सोबत लिहावीत. त्यांची नोंद कोणत्याही पलटणीच्या दप्तरात सापडणार नाही.