मालमोटारींची मार्गतपासणी

मालमोटारींची मार्गतपासणी : धंद्याच्या मालाची ने-आण करणाऱ्या वाहनास रस्त्यात थांबवून त्याचे दस्तऐवज, यांत्रिक स्थिती, भार व चालकाची पात्रता पडताळून पाहण्याची, कायद्याने अधिकार दिलेल्या अंमलदारांकरवी होणारी कारवाई. प्रस्तुत नोंदीत भारतातील, विशेषेकरून महाराष्ट्रातील व्यवस्थेचा विचार केला आहे.

या व्यवस्थेचा मूलाधार असलेला १९८८ चा मोटार वाहन अधिनियम १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या १९३९ च्या अधिनियमात सार्वजनिक वाहक व खाजगी वाहक असा भेद होता, आणि जुन्या ट्रकांच्या कपाळावर ‘पब्लिक कॅरिअर’ ही अक्षरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना तो कायद्याचे पान न उघडताही ठाऊक असेल. नव्या अधिनियमाने तो मोडून सर्वांस मालवाहू वाहन या एकाच सदरात घातले. तपशिलाचे नियम केंद्राने व राज्याने १९८९ मध्ये स्वतंत्रपणे केले, आणि दंडाच्या रकमा २०१९ च्या दुरुस्तीने पूर्वीच्या मानाने कितीतरी पटींनी वाढविल्या.

ट्रक थांबविणारा हात नेहमी एकाच खात्याचा नसतो. परिवहन खात्याचे मोटार वाहन निरीक्षक, त्यांची ‘वायुवेग’ या नावाने ओळखली जाणारी फिरती पथके आणि आच्छाड, इन्सुली, हाडाखेड यांसारख्या ठिकाणी उभारलेले सीमा तपासणी नाके ही एक शाखा. वाहतूक व महामार्ग पोलीस ही दुसरी. आणि वस्तू व सेवा कराचे अंमलदार ही तिसरी. गणवेशातील कोणत्याही पोलीस अंमलदाराने मागितल्यास चालकाने अनुज्ञप्ती, म्हणजे लायसन, दाखविलेच पाहिजे. विमापत्र, योग्यता प्रमाणपत्र (ज्यास व्यवहारात फिटनेस किंवा पासिंग म्हणतात) आणि परवाना, म्हणजे परमिट, मागण्याचा अधिकार कायद्याने परिवहन खात्याच्या अधिकृत अंमलदारासही दिला आहे, आणि हे कागद त्या क्षणी जवळ नसल्यास त्यांच्या प्रती १५ दिवसांत हजर करण्याची सवड चालकास मिळते. ऑक्टोबर २०२० पासून शासकीय संकेतप्रणालीत पडताळून आलेला दस्तऐवज कागदी रूपात मागू नये असा नियम असला, तरी छायाप्रतींची प्लॅस्टिकची पिशवी अद्याप बहुतेक केबिनींत आढळते, आणि ती बाळगणाऱ्याचा अनुभव पाहता त्यास दोष देता येत नाही.

कागदांतील प्रत्येक उणीव सारख्याच परिणामाची नसते, ही गोष्ट चालकांना क्वचितच समजावून सांगितली जाते. विम्याची किंवा प्रदूषण-प्रमाणपत्राची मुदत टळली असता दंड होतो. परंतु वाहन अटकावून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ ने मुख्यतः नोंदणी, परवाना व चालकाची अनुज्ञप्ती किंवा वय यांच्याशी निगडित कसुरींपुरता दिला आहे. फिटनेस संपलेले वाहन मात्र कलम ५६ अन्वये विधिवत नोंदलेलेच समजले जात नाही, म्हणून वरकरणी साधी भासणारी ही चूक थेट अटकावणीपर्यंत जाते. नव्या ट्रकास हे प्रमाणपत्र पहिली २ वर्षे पुरते, वाहन ८ वर्षांचे होईपर्यंत ते दर २ वर्षांनी व त्यापुढे दरसाल नवे करून घ्यावे लागते. ज्याचे एकूण भारित वजन ३,००० किलोग्रॅमपर्यंत आहे अशा लहान मालवाहू वाहनास परवान्याची गरज नाही. यांत्रिक पाहणीत दिवे, ब्रेक, टायर, परावर्तक पट्ट्या, मागच्या व बाजूच्या संरक्षक पट्ट्या आणि ताशी ८० किलोमीटरवर वेग रोखणारे नियंत्रक यांचा समावेश होतो.

खरी कसोटी वजनकाट्यावर लागते. १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने आसांवरील भाराच्या मर्यादा वाढविल्यावर दोन आसांच्या ट्रकाचे अनुज्ञेय एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर आणि तीन आसांच्या ट्रकाचे २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. जादा भाराचा संशय आल्यास पुढील मार्गावर १० किलोमीटरच्या आत, किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर वाहन नेण्यास अंमलदार फर्मावू शकतो. समजा, तीन आसांचा ट्रक काट्यावर ३३.५ टन भरला. तर २०,००० रुपये मूळ दंड आणि जादा ५ टनांचे, टनामागे २,००० प्रमाणे, १०,००० मिळून अधिनियमाच्या हिशेबाने ३०,००० रुपये होतात. शिवाय जादा माल उतरविल्याखेरीज वाहन हलविता येत नाही, आणि उतरविलेल्या मालाची जोखीम चालकाच्या शिरावर पडते. आडरानातील काट्याशेजारी ५ टन सिमेंट कोणाच्या हवाली करावे, याविषयी कायदा मुग्ध आहे. थांबण्यास किंवा वजन करू देण्यास नकार दिल्यास दंड ४०,००० रुपयांचा.

किती माल भरावयाचा हे वस्तुतः चालक ठरवीत नाही; ते व्यापारी, भराई करून घेणारा मुकादम आणि खेपेचा हिशेब पाहणारा मालक ठरवितात. अधिनियमकर्त्यांस याची जाण होती, हे मान्य केले पाहिजे : वाहन हाकणाऱ्याबरोबरच ते तसे हाकू देणाराही दंडास पात्र आहे, आणि चालक हा मालक नसेल तेथे जादा भार मालकाच्या माहितीने भरला होता असे न्यायालयास गृहीत धरता येते. पण रात्री २ वाजता बॅटरीच्या उजेडात उभा असतो तो एकटा चालक, आणि दंडाची रक्कम पुढे त्याच्याच पगारातून कापली जाते की नाही हे कोणताही नाका विचारीत नाही.

करविषयक तपासणीचे स्वरूप १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर पालटले. मुंबईच्या वेशीवर मुलुंड, दहिसर आदी जकात नाक्यांपुढे लागणाऱ्या ट्रकांच्या रांगा त्या दिवशी इतिहासजमा झाल्या आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल, म्हणजे मालाच्या ने-आणीचा संगणकीय दाखला, आले. ५०,००० रुपयांवरील मालास ते लागते. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीस ही मर्यादा १ लाखाची आहे. साधारण मालास २०० किलोमीटरमागे एक दिवस अशी त्याची मुदत असून, ट्रक वाटेत नादुरुस्त झाल्यास मुदत संपण्यापूर्वी किंवा संपल्यानंतर ८ तासांच्या आत ती वाढवून घेता येते. एका राज्यात मालाची प्रत्यक्ष तपासणी एकदा झाल्यावर, करचुकवेगिरीची निश्चित खबर असल्याखेरीज, त्याच प्रवासात ती पुन्हा करता येत नाही. आणि ट्रक ३० मिनिटांहून अधिक खोळंबविल्यास त्याची नोंद करण्यासाठी वाहतूकदारास स्वतंत्र नमुनाच दिलेला आहे. चालकाच्या बाजूने लिहिलेल्या मोजक्या तरतुदींत या दोहोंची गणना करावी लागेल, आणि त्यांचीच माहिती त्यास सर्वांत कमी असते.

चालकाच्या देहाची तपासणी मद्यापुरती होते : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश आढळल्यास तो अपराध आहे. थकव्याचे तसे नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास काम, आणि ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती असे प्रमाण घालून दिले. परंतु त्याची अंमलबजावणी आस्थापनेच्या दप्तरावर बेतलेली होती आणि एकदोन ट्रक बाळगणाऱ्या मालकाकडे असे दप्तर सहसा नसते. अमेरिकेत वा युरोपात अंमलदार चालकाच्या कामाच्या तासांची नोंद यंत्रातून काढून पाहतो. येथे काट्यावर किलोग्रॅमचा हिशेब चोख होतो, चालक किती तासांपूर्वी निजला होता याचा होत नाही.